डावीकडच्या पट्ट्या

दिवे गेलेत तर गेलेत. मेणबत्ती लावू नका, नुसतं मेण सांडतं. बसा असेच अंधारात. आणि आधीच सांगतो, पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळावरचा मुंजा असलं काही ऐकायचं असेल तर उठा आणि आपापल्या घरी जा. मी शाळा तिसरीत सोडली. मला रचून सांगता येत नाही. झालं ते सांगतो, आणि झालं ते गुरप्पाला झालं.

गुरप्पा म्हणजे भवानी पेठेतला पेटीवाला. पेटी म्हणजे भजनातली, वाजवायची. तुम्हा पोरांना हे पण सांगावं लागतं. त्याच्या दुकानासमोर माझा हातगाडा उभा असायचा, वीस-बावीस वर्षं. तो पेट्या दुरुस्त करायचा, मी ओझी ओढायचो.

साल पंचाहत्तर. महिना जानेवारी. सोलापूरची गड्ड्याची जत्रा भरत आलेली. रविवारी येळामावस्या, शेतपूजेची, आणि सोमवारी सिद्धरामाच्या लग्नाच्या अक्षता. जुनं पंचांग काढून बघा, खोटं निघालं तर माझ्या तोंडावर फेका.

त्या आठवड्यात गुरुवारी गुरप्पाला निरोप आला. रेल्वे लायनीकडं एका मिलचा बंगला होता. मिलचं नाव मी घेत नाही, तुम्हाला करायचंय काय त्याचं? पूर्वी तिथं गोरा मॅनेजर आणि त्याची मडम राहायची. ती दोघं गेली विलायतेला, मागं राहिला एक पियानो. कुणी वाजवला नाही, कुणी टाकला नाही. आता पुण्याच्या कुणी माणसानं तो घेतला होता. सोमवारी पहाटे ट्रक येणार. त्याच्या आत तो वाजता करून द्यायचा. सोलापुरात पियानो दुरुस्त करणारा कुठला? म्हणून बोलवा पेटीवाल्याला.

गुरप्पा बंगल्यावर गेला तर मिलचा हेडक्लार्क चष्मा कपाळावर चढवून उभा होता. म्हणाला, "येतो का रे तुला पियानो?"

गुरप्पा म्हणाला, "उघडल्याबिगर कसं सांगू सायेब? म्हस वळखीची नसली तरी सडं चारच असत्यात की."

"जास्त बोलू नकोस. मडमची वस्तू आहे ही. सूर लागतो का तेवढं बघायचं. तुझी भजनंबिजनं वाजवायची नाहीत याच्यावर. कळलं?"

 गुरप्पाचं लक्ष हेडक्लार्ककडं नव्हतंच. पियानोच्या मागं भिंत होती आणि भिंतीत एक दार होतं. कुलूप लावलेलं. ते दार तो ओळखत होता.

त्याची आई त्या दारापलीकडं अकरा वर्षं दळत होती.

काशम्मा तिचं नाव. गुरप्पा तिला अव्वा म्हणायचा. मडमच्या घरी नोकरमाणसंच दहा-बारा, त्यांच्या ज्वारीचं दळण काशम्माकडं. मागच्या खोलीत जातं, पुढच्या खोलीत पियानो, मधी ही भिंत. काशम्मा दळायला बसली की ओवी म्हणायची. आता जात्यावर बसलेली बाई ओवी म्हणणार नाही तर काय करणार? ओवी म्हणजे बाईचा तिसरा हात. ओवी बंद केली की जातं दुप्पट जड होतं, विचारा तुमच्या आज्यांना, जिवंत असतील तर. पण मडमला पियानो वाजवताना त्याचा त्रास व्हायचा. तिनं हुकूम सोडला. दळा, पण तोंड उघडायचं नाही.

मग काशम्मा मुकी दळली. अकरा वर्षं.

ओवी ती घरी म्हणायची, पहाटे, स्वतःच्या दळणाला. एकच ओवी, चार ओळींची. तिच्या आईनं तिला दिलेली. गुरप्पा तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायचा. पहिली ओळ ऐकायचा, दुसरी ऐकायचा, तिसरी ऐकायचा आणि चौथीला झोपायचा. रोज. नऊ वर्षांचा असताना आई गेली. गुरप्पाकडं तीन ओळींची चाल राहिली. चौथी कुणालाच ठाऊक नव्हती. बहीण नाही, मावशी नाही. गुरप्पा मेला की त्या तीन पण गेल्या.

त्या रात्री जेवताना तो बायकोला म्हणाला, "हेमावती, त्या पियानोपायी माजी अव्वा मुकी दळली. आता त्याच्याच तोंडातनं तिची ववी काढतो. चारीच्या चारी वळी. सोमवारी त्यो जायच्या आत."

हेमावती म्हणाली, "आन चवथी कुटनं आननार? बाजारातनं?"

"तीन वाजल्या तर चवथी यील की मागनं. जाती कुटं?"

"आन हेडक्लार्कनं ऐकलं तर?"

"ऐकू दे. त्येचं पन कान चांगलं हुतील."

असा माणूस.

दिवसा जत्रेमुळं दुकानात रांग. सगळ्या भजनी मंडळांच्या पेट्यांचे भाते नेमके तेव्हाच फाटतात. म्हणून तो बंगल्यावर रात्रीचा जायचा, जेवून, नऊच्या सुमाराला. तिथं राखणदार होता महादेवप्पा. म्हातारा, दातपडका. त्यानं काशम्माला बघितलेलं होतं.

शुक्रवारी रात्री गुरप्पानं पियानोचं पोट उघडलं. आत तारा, आणि प्रत्येक तारेपुढं लोकर गुंडाळलेली हातोडी. निम्मी लोकर उंदरांनी खाल्लेली. विलायती लोकर कुठनं आणायची? त्यानं घरनं घोंगडीचा तुकडा आणला होता. तो कापून कापून हातोड्यांना गुंडाळला. मग आवाज असा आला, की विलायती पियानोला सोलापुरी पडसं झालंय. खर्जातला, जाडा. गुरप्पाला तो आवडला.

मग बसला ओवी वाजवायला. आणि फसला.

पेटीत कसं असतं, भाता हलवत राहा, सूर चालू राहतो. पियानोत सूर मारला की मेला. आणि ओवी तर ओढायची असते, जातं फिरतं तशी. दहा वेळा वाजवली, दहा वेळा तुटली. तुकडे तुकडे. त्यात उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा हात सवयीनं हवेत भाता हलवतोय! महादेवप्पा दारात बसून हसत होता.

"अरं गुरप्पा, त्यो डावा हात कुनाला वारा घालतोय?"

"तुमालाच, मामा. गरम हुतंय न्हवं?"

पण माणूस चिवट. डोळे मिटले आणि आईचा हात आठवला. जात्याचा खुंटा एकदा पोटाशी येतो, एकदा लांब जातो. त्यानं ठरवलं, खुंटा पोटाशी आला की पट्टी मारायची. सूर मरायच्या आत दुसरा फेरा. मारला. फेरा. मारला. आणि पहिली ओळ जुळली. बारा वाजून गेले होते.

तेवढ्यात भिंतीपलीकडनं बारीक घरघर आली.

"मालगाडी," गुरप्पा म्हणाला.

महादेवप्पानं भिंतीकडं बघितलं. मालगाडी रोज दीडला जायची.

शनिवारी रात्री त्यानं दुसरी ओळ बसवली, मग तिसरी. साडेअकरा झाले. सगळी ओवी एका दमात वाजवायची म्हणून सुरुवात केली आणि दिवे गेले. कंदील होता. महादेवप्पानं तो पियानोवर आणून ठेवला.

पहिली ओळ.

घर्र... घर्र...

आता मालगाडी नव्हे. भिंतीच्या पलीकडं, हातभर अंतरावर. आणि दळणाचा आवाज मऊ असतो, हा तसा नव्हता. दगडावर दगड. कोरडा. दात खाल्ल्यासारखा.

"गुरप्पा," महादेवप्पा म्हणाला. "त्या खोलीत जातं न्हाई. चाळीस वर्सं झाली. कवाच नेलंय."

"मला ठाव हाय."

"मग चल की भायेर! बेड रे यप्पा, बेड." घाबरला की म्हाताऱ्याला कानडीच सुचायची. नको म्हणत होता.

गुरप्पा उठला नाही. दुसरी ओळ वाजवली. घरघर वाढली. कंदिलाची काच थरथरायला लागली. तिसरी ओळ... आणि धाडकन पियानोचं झाकण पडलं. त्याच्या उजव्या मनगटावर.

तुम्ही असता तर पळाला असता. मी पण पळालो असतो, खोटं कशाला सांगू. गुरप्पानं हात ओढून काढला, उभा राहिला आणि ओरडला.

"कोन हाय गं? मडम काय? ऐक मग! तुजं राज्य जाऊन सत्तावीस वर्सं झाली! आता हितं कुनी कुनाला गप बसवत न्हाई!"

झाकण उघडलं, पुन्हा बसला, पुन्हा वाजवली. पुन्हा झाकण पडलं. तिथंच. त्याच मनगटावर.

महादेवप्पानं त्याला बखोटीला धरून बाहेर ओढलं म्हणून, नाहीतर तो तिसऱ्यांदा बसणार होता.

सकाळी हेमावतीनं हळद गरम करून लावली. मनगट वांग्यासारखं झालेलं. येळामावस्या, गल्लीतली शेतीवाली माणसं गाड्या जुंपून शेताकडं निघालेली, आणि हा भिंतीला टेकून दात-ओठ खातोय.

"आज रातच्याला जानारच. मडमला दावतोच."

"मडम कशावरनं?" हेमावती म्हणाली.

"मग कोन? तिलाच ववी सोसत न्हवती की."

हेमावती हळद लावता लावता थांबली. तिनं विचारलं, "तुमी मला एकदा सांगितलं व्हतं. ल्हानपनी तुमी रिकामं जातं खेळाया फिरवलं, तवा अव्वानी उलथनं मारलं व्हतं. कुटं मारलं व्हतं?"

गुरप्पानं मनगटाकडं बघितलं.

आता हे तुम्हा गिरणीतलं पीठ खाणाऱ्यांना सांगायला पाहिजे. रिकामं जातं ओढायचं नसतं. आधी दाण्यांची मूठ टाकायची, मग खुंट्याला हात लावायचा. रिकामं ओढलं की दगड दगडाला खातो, आणि मग घराला खातो म्हणतात. आमच्याकडची मेलेली बाईसुद्धा ते चालू देणार नाही.

"दोन राती जात्याची ववी वाजवताय," हेमावती म्हणाली. "मूठ टाकली व्हती का?"

गुरप्पानं मान हलवली, नाही.

"पेटीवालं तुमी! सूर बघितला, तारा बघितल्या. दानं कोन बघनार? ती अव्वा हाय. उपाशी जातं वडायला लावलं तुमी तिला. मारंल न्हाई तर काय करंल?"

मग तिनं डब्यातनं ज्वारी घेतली, मालदांडी, तिचीच मूठ. फडक्यात बांधली आणि त्याच्यापुढं ठेवली. म्हणाली, "जावा. आन हात जोडून नगा बसू तितं. दळनाला बसताव तसं बसा."

रविवारची रात्र. येळामावस्या. थंडी अशी, की नळाचं पाणी बोटाला चावत होतं. गावात जत्रेचे दिवे, इकडं बंगल्यावर काळोख. गुरप्पा अकराला पोचला.

"मामा, त्या खोलीची किल्ली द्या."

"कशाला?"

"अकरा वर्सं दार लावून दळली ती. आज उघडं ऱ्हाऊ द्या."

महादेवप्पानं किल्ली दिली. आत काही आला नाही, फाटकापाशी घोंगडं पांघरून बसला. पुढचं त्यानं तिथनं ऐकलं, आणि गुरप्पानं मला सांगितलं. दोघांचं जुळलं म्हणून मी सांगतोय.

कुलूप निघालं. खोली रिकामी. फरशीवर जात्याचा गोल डाग. पांढरट. बाकी काही नाही.

गुरप्पानं दार सताड उघडं ठेवलं. पियानोची पुढची फळी काढली, हातोड्या दिसायला लागल्या. फडकं सोडून ज्वारीची मूठ आत ओतली. दाणे तारांवर पडले, थोडा वेळ नाद झाला. मग थांबला.

तो बसला. मांडी घालून बसता येत नाही त्या स्टुलावर, तरी त्यानं एक पाय वर घेतला. उजवा हात पट्ट्यांवर ठेवला. सुजलेला.

"अव्वा," तो म्हणाला. "मूठ टाकलीया."

पहिली ओळ.

काही नाही.

दुसरी ओळ. खुंटा पोटाशी... खुंटा लांब...

घर्र.

मऊ. दाण्यावरची घरघर. मागच्या खोलीत नाही. त्याच्या डाव्या बाजूला.

जातं दोघी ओढतात बघा कधी कधी. समोरासमोर बसून. एकीनं ओढलं की दुसरीनं द्यायचं. तसं झालं. त्यानं उजवीकडं पट्टी मारली, की डावीकडची खर्जाची पट्टी खाली जायची. त्यानं मारली... ती गेली. मारली... गेली. त्याचा डावा हात मांडीवर होता. दोन्ही डोळ्यांनी बघितला त्यानं. मांडीवरच होता.

कंदील जळत होता. विझला नाही. विझला असता तर बरं, असं वाटलं त्याला.

डावीकडं त्यानं मान वळवली नाही.

पण बोलला. "मला भ्या दावू नगंस. मी उटनार न्हाई."

तिसरी ओळ.

ताज्या पिठाचा वास आला. चुलीपुढं येतो तसा. डाव्या मांडीला ऊब लागली, कुणीतरी शेजारी बसल्यासारखी... डोळे जड झाले. नऊ वर्षांच्या पोराचे होतात तसे. मान खाली जायला लागली. गुरप्पाला कळलं. आता चौथी ओळ. आता झोप येणार. रोज यायची तशीच.

त्यानं सुजलेलं मनगट पियानोच्या कडेवर आपटलं. जीव कळवळला.

झोप उडाली.

आणि डावीकडच्या पट्ट्या एकट्या वाजल्या.

एक ओळ. शब्द नाहीत. नुसती चाल. वरनं निघाली, हळूहळू उतरली, जातं थांबताना घरघर उतरते तशी... आणि थांबली.

त्यानं तीच ओळ उजव्या हातानं वाजवून दाखवली. चुकला.

डावीकडनं पुन्हा.

पुन्हा चुकला.

पुन्हा...

किती वेळा, ते त्याला सांगता आलं नाही. फाटकापाशी महादेवप्पानं चार ओळी सलग ऐकल्या, पहिल्यांदा, तेव्हा पहिला कोंबडा आरवत होता. मग सगळं गप्प झालं. म्हातारा आत गेला तर गुरप्पा पियानोवर डोकं ठेवून झोपलेला. गाढ.

पहाटे पाचला ट्रक आला. पियानो चढवायला आम्ही चौघे हमाल होतो. हो, मी होतो. म्हणून तर सांगतोय. गुरप्पानंच मला त्या कामाला लावलं होतं. हेडक्लार्क मफलर गुंडाळून आला आणि म्हणाला, "झाला का नीट? वाजवून दाखव."

गुरप्पा बसला आणि आईची ओवी वाजवली. चार ओळी. मी ऐकली. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण माझ्या हातातली दोरी खाली पडली एवढं खरं. मागच्या खोलीचं दार उघडंच होतं.

हेडक्लार्कचं तोंड आंबलं. "ही तर जात्यावरची गाणी! मडमच्या पियानोवर? तुला सांगितलं होतं ना! दुसरं काही येत नाही का तुला?"

"येतं," गुरप्पा म्हणाला. "वाजवनार न्हाई."

आणि झाकण त्यानं आपल्या हातानं लावलं. हळू.

आम्ही पियानो उचलला. लोखंडाचा असतो तो आतनं, कंबरडं मोडतं. मी खाली वाकून डावीकडचा पाय खांद्यावर घेतला होता. ट्रकच्या फळीवर चढवताना तो कलला, आणि आतनं काहीतरी माझ्या मानेवर सांडलं. मला वाटलं धूळ. चाळीस वर्षांची असणारच की.

पियानो चढला. मी मान झाडली. हाताला लागलं ते कंदिलाजवळ धरून बघितलं.

पीठ होतं. ज्वारीचं, बारीक. दाणा एक नाही.

जानेवारीची पहाट. तोंडातनं वाफ निघत होती सगळ्यांच्या.

पीठ गरम होतं.